विरारचे घर : भाव आणि भोगवटा

भाईंदर सुटले की विरार लोकल खाडीपुलावर येते. पाणजू बेट मागे पडते आणि नायगावपासून रुळांच्या दोन्ही बाजूंना इमारतींची रांग सुरू होते. डब्याच्या पत्र्यावर, दाराजवळच्या खांबांवर चिकटवलेल्या जाहिराती याच इमारतींच्या असतात : 'स्टेशनपासून पाच मिनिटांवर', 'पगाराचा दाखला नको', 'थोडेच फ्लॅट शिल्लक'. मुंबईत भाड्याच्या खोलीचा करार दर अकरा महिन्यांनी बदलत राहणारी हजारो कुटुंबे या जाहिराती वाचत प्रवास करतात, आणि एखाद्या रविवारी पाच-सहा लाखांची शिल्लक व दागिन्यांचा अंदाज मनाशी धरून घर पाहायला उतरतात.

वसई-विरारच्या बाजारात एकाच आकाराच्या दोन घरांच्या किमतीत कधी कधी निम्म्याचा फरक आढळतो. हा फरक स्टेशनपासूनच्या अंतराचा किंवा बांधकामाच्या दर्जाचा असावा, असा ग्राहकाचा समज होतो. एजंटही तसेच सांगतो. पुष्कळदा तो फरक एका कागदाचा असतो. मंजूर नकाशाप्रमाणे इमारत पूर्ण झाली असून ती राहण्यास योग्य आहे, असे नियोजन प्राधिकरण ज्या कागदाने जाहीर करते, ते भोगवटा प्रमाणपत्र. व्यवहारात ज्याला 'ओसी' म्हणतात. तुटपुंज्या शिलकीवर घर घेणाऱ्याला स्वस्त घर शोधावे लागतेच. परंतु ते स्वस्त का आहे, याचे उत्तर मिळण्यापूर्वी त्याने बयाणा दिला, तर पुढे काय होऊ शकते, याची उदाहरणे याच शहरात आहेत आणि ती अगदी अलीकडची आहेत.

एक्केचाळीस इमारती

नालासोपारा पूर्वेच्या अगरवाल नगरी परिसरात ४१ इमारती उभ्या होत्या. त्यांच्याखालच्या जमिनीवर विकास आराखड्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीचे आरक्षण होते. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये या इमारती पाडण्याचा आदेश दिला. रहिवासी सर्वोच्च न्यायालयात गेले, तेथेही त्यांना दिलासा मिळाला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली पाडकामाची कारवाई फेब्रुवारी २०२५ मध्ये पूर्ण झाली. सुमारे अडीच हजार कुटुंबे बेघर झाली.

या कुटुंबांनी घरे बळकावली नव्हती. पैसे मोजून घेतली होती. त्यांच्या हाती खरेदीचे कागद होते, घरपट्टीच्या पावत्या होत्या, विजेची बिले होती. सर्वसामान्य माणूस एवढ्या कागदांवर निर्धास्त होतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र यांपैकी एकही कागद इमारत अधिकृत असल्याचा पुरावा नाही. महापालिका अनधिकृत बांधकामालाही मालमत्ता कर आकारते. किंबहुना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७ अ नुसार अशा बांधकामावर दुप्पट शास्ती बसविण्याची तरतूद आहे, आणि ती भरल्याने बांधकाम नियमित ठरत नाही, हेही त्याच कलमात सांगितले आहे. वीजजोडणी ही वापरणाऱ्याला मिळते, इमारतीला नव्हे. दुय्यम निबंधकाकडे झालेली नोंदणी दोन पक्षांत व्यवहार झाला आणि मुद्रांक शुल्क भरले गेले, एवढेच सांगते. विकणाऱ्याला ते घर विकण्याचा अधिकार होता काय, याची हमी ती देत नाही.

यातही एक पायरी खालची आहे. बैठ्या चाळींतल्या खोल्यांचे आणि काही इमारतींतल्या घरांचे व्यवहार नुसत्या स्टॅम्प पेपरवर, नोटरीच्या शिक्क्यानिशी होतात. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार शंभर रुपयांवरील किमतीच्या स्थावर मालमत्तेच्या खरेदीखताची नोंदणी सक्तीची आहे. नोटरी ही फक्त सही कोणी केली याची साक्ष असते. तिने मालकी हस्तांतरित होत नाही. असा कागद घेऊन बसलेल्या माणसाला ना बँक कर्ज देते, ना पुढे घर विकताना पूर्ण किंमत मिळते.

बनावट शिक्क्यांची गोष्ट

कागद पाहिला म्हणजे काम झाले, असेही नाही. विरार पोलिसांनी २०२३ मध्ये उघडकीस आणलेल्या प्रकरणात ५५ इमारतींसाठी बांधकाम परवानगीची बनावट कागदपत्रे तयार करण्यात आल्याचे आढळले. निरनिराळ्या शासकीय कार्यालयांचे शिक्के आणि लेटरहेड बनविण्यात आले होते. अशा कागदांच्या आधारे महारेराकडे प्रकल्पांची नोंदणीही झाली होती. कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींचे प्रकरणही याच जातीचे. त्यानंतर महारेराने बांधकाम परवानग्या स्थानिक प्राधिकरणाकडून पडताळून घेण्याची पद्धत कडक केली. तरीही ग्राहकाने यातून घ्यायचा बोध साधा आहे : विकणाऱ्याने दाखविलेली झेरॉक्स हा पुरावा नव्हे. तोच कागद ज्या कार्यालयाने दिला, त्या कार्यालयाच्या नोंदीत असला पाहिजे.

आणि प्रश्न केवळ पैशांचा नाही. २६ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्रीनंतर, गणेशचतुर्थी उजाडत असताना, विरार पूर्वेच्या विजय नगरमधील रमाबाई अपार्टमेंट या चार मजली इमारतीचा काही भाग शेजारच्या चाळीवर कोसळला. १७ जणांचा मृत्यू झाला. इमारत अनधिकृत होती. ज्या इमारतीचा नकाशा मंजूर नसतो, तिच्या पायाचा, लोखंडाचा, काँक्रीटचा हिशेबही कोणी तपासलेला नसतो, ही गोष्ट घर पाहायला आलेल्या कुटुंबाला नव्या रंगामागे दिसत नाही.

हे सारे इथेच का झाले

याचे उत्तर शहराच्या घडणीत आहे. मुंबईत घर परवडेनासे झालेला नोकरदार पश्चिम रेल्वेच्या कडेकडेने उत्तरेला सरकत राहिला. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव विस्कटले, तेव्हाही अनेक कुटुंबांनी नालासोपारा-विरारची वाट धरली. वसईचा पश्चिम पट्टा त्या काळी केळीच्या, फुलांच्या आणि भाजीच्या वाड्यांचा होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही जमीन बांधकामाला मोकळी होण्याची चिन्हे दिसू लागताच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचे आंदोलन उभे राहिले. पश्चिमेच्या गावांत आज जी हिरवळ शिल्लक आहे, तिच्यात त्या आंदोलनाचा वाटा मोठा आहे. घरांचा रेटा मात्र थांबला नाही. तो पूर्वेकडे वळला.

१९९० मध्ये सिडकोची या उपप्रदेशासाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नियुक्ती झाली. वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपालिका व ५३ गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी महापालिका स्थापन झाली, आणि पुढे बांधकाम परवानगीचे काम तिच्याकडे आले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेतच शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. कारभाराच्या या बदलांत, एका कार्यालयाचे दप्तर दुसऱ्याकडे जात असताना, इमारती मात्र थांबून राहिल्या नाहीत.

हा इतिहास ग्राहकाच्या थेट उपयोगाचा आहे. १९९० नंतर आणि महापालिकेकडे नियोजन येण्यापूर्वी उभ्या राहिलेल्या इमारतीच्या बांधकाम परवानगीवर सिडकोचे नाव असले पाहिजे; अलीकडच्या इमारतीच्या परवानगीवर महापालिकेच्या नगररचना विभागाचे. अशा इमारतीसाठी कोणी जुना ग्रामपंचायतीचा दाखला किंवा घरपट्टीचा उतारा पुढे करू लागला, तर तेथेच थांबावे.

न विकली गेलेली अधिकृत घरे

येथे एक विसंगती नोंदविली पाहिजे. ज्या काळात अनधिकृत इमारतींतील खोल्या हातोहात विकल्या जात होत्या, त्याच काळात याच शहरात म्हाडाची अधिकृत घरे ग्राहकाची वाट पाहत होती. विरार-बोळिंज येथील म्हाडाच्या वसाहतीतील पाच हजारांहून अधिक घरे अनेक सोडती होऊनही शिल्लक राहिली. शेवटी ती 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' या तत्त्वावर विकायला काढावी लागली. २०२४ च्या सुमारास तेथील अल्प उत्पन्न गटाच्या घराची किंमत २३ लाखांच्या आसपास होती. कागद स्वच्छ, मालक सरकारी, फसवणुकीची शक्यता नाही. तरीही ग्राहक नाही!

कारणे शोधली तर या बाजाराचे खरे स्वरूप उलगडते. पहिले कारण पाण्याचे. वसाहत उभी राहिली तेव्हा शहराला पुरेसे पाणीच नव्हते. दुसरे अंतराचे : बोळिंजहून स्टेशन गाठायचे तर रिक्षा हवी. तिसरे कारण अधिक खोल आहे. म्हाडाचे घर घ्यायचे तर ठराविक मुदतीत पूर्ण रक्कम भरावी लागते. त्यासाठी बँकेचे कर्ज लागते आणि कर्जासाठी पगाराची स्लिप किंवा विवरणपत्र. रिक्षाचालक, फेरीवाला, वसईच्या औद्योगिक वसाहतींत कंत्राटावर काम करणारा कामगार, घरकाम करणारी बाई, यांचे उत्पन्न खरे असते; पण कागदावर नसते. अनधिकृत बिल्डर नेमकी हीच अडचण ओळखतो. तो दोन लाख आज घेतो, बाकी महिन्याच्या हप्त्याने घेतो, दाखला मागत नाही. 'पगाराचा दाखला नको' या जाहिरातीतल्या तीन शब्दांची किंमत पुढे घर पडल्यावर कळते.

म्हणून ज्यांचे उत्पन्न रोखीचे आहे, त्यांच्यासाठी घराचा शोध एजंटच्या दुकानात नव्हे, तर दोन वर्षे आधी बँकेत सुरू होतो. रोजची वा आठवड्याची कमाई नियमाने खात्यात भरणे, उत्पन्न करपात्र नसले तरी विवरणपत्र दाखल करणे, पती-पत्नी दोघांचे उत्पन्न नोंदले जाईल असे पाहणे, हातउसने व्यवहार चेकने फेडणे : या कंटाळवाण्या गोष्टींनी कर्जाचे दार उघडते. घरकर्ज देणाऱ्या काही कंपन्या असंघटित क्षेत्रातील ग्राहकांना प्रत्यक्ष भेट देऊन उत्पन्नाचा अंदाज घेतात. त्यांचा व्याजदर बँकेहून जास्त असतो, हे खरे. तरीही तो पाडल्या जाणाऱ्या घरापेक्षा स्वस्तच पडतो.

पैशाचे गणित

जाहिरातीतली किंमत आणि घरात पाऊल टाकेपर्यंत लागणारी रक्कम यांत मोठे अंतर असते. समजा, घर ३० लाखांचे आहे आणि बँक २५ लाख देते. उरलेले पाच लाख स्वतःचे. मुद्रांक शुल्क घराच्या किमतीच्या सहा-सात टक्क्यांच्या घरात जाते. म्हणजे दोन लाखांच्या आसपास. नोंदणी शुल्क एक टक्का, कमाल ३० हजार. बांधकाम चालू असेल तर जीएसटी. किंमत ४५ लाखांपर्यंत आणि चटई क्षेत्र ६० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ६४५ चौरस फुटांपर्यंत असेल तर एक टक्का, एरवी पाच टक्के. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर हा कर नाही. वकील, बँकेचे शुल्क, सोसायटीची अनामत, खिडक्यांच्या ग्रिल आणि सामान हलविण्याचा खर्च धरला, तर स्वतःचे आठ लाख हाताशी हवेत. पाच-सहा लाखांवर घर पाहायला निघालेल्या कुटुंबाचे गणित येथे फसते. मग उरलेल्या दोन-तीन लाखांसाठी सोने गहाण पडते किंवा पतपेढीचे महाग कर्ज निघते, आणि त्याचा हप्ता घराच्या हप्त्याच्या जोडीला येऊन बसतो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. मात्र दहा लाखांवरील घराच्या बाबतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या किमतीत धरला जात नाही. तो खिशातूनच जातो. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे. ३० लाखांच्या घरावर ३० हजार रुपये. पती-पत्नींच्या संयुक्त नावावर ती मिळत नाही, हे अनेकांना निबंधक कार्यालयात गेल्यावर समजते.

हप्त्याचे आकडेही पाहावेत. २५ लाखांच्या कर्जावर साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी महिना सुमारे २१,७०० रुपये हप्ता पडतो आणि एकंदर व्याज २७ लाखांच्या आसपास जाते. तेच कर्ज ३० वर्षांचे केले, तर हप्ता १९,२०० होतो. महिन्याला अडीच हजार वाचले असे वाटते. पण व्याज ४४ लाखांवर पोहोचते. ज्याला पर्याय नाही त्याने मुदत वाढवावी, पण बोनस, भिशी, गावच्या जमिनीचा हिस्सा असे जे काही हाती येईल ते मुद्दलात भरत राहावे. वैयक्तिक घरकर्जाचा व्याजदर बदलता असेल, तर मुदतपूर्व परतफेडीवर दंड आकारता येत नाही.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागाचा दुसरा टप्पा १ सप्टेंबर २०२४ पासून पाच वर्षांसाठी सुरू झाला. त्यात वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला व्याज अनुदानाची तरतूद आहे. देशात कोठेही स्वतःचे पक्के घर नसावे, ही अट आहे. पहिल्या आठ लाखांच्या कर्जावर चार टक्के दराने हे अनुदान मोजले जाते आणि जास्तीत जास्त १ लाख ८० हजार रुपये पाच वार्षिक हप्त्यांत मिळतात. ही रक्कम पुढे मिळणारी असल्याने सुरुवातीच्या आठ लाखांत ती धरू नये.

बांधकाम चालू असलेल्या घराचा आणखी एक छुपा खर्च असतो. ताबा मिळेपर्यंत भाडेही भरायचे आणि बँकेचे व्याजही. ताबा दोन वर्षे लांबला, तर हाच खर्च कुटुंबाला खाऊन टाकतो. म्हणूनच कमी शिलकीच्या कुटुंबाने नव्या टॉवरमधल्या 'बुकिंग'पेक्षा भोगवटा प्रमाणपत्र असलेल्या जुन्या सोसायटीतले लहान घर आधी पाहावे. तेथे जलतरण तलाव नसेल. शेजारी असतील, आणि महिनाअखेरीस पाणी किती वेळ येते हे तेच खरेखरे सांगतील. जुन्या इमारतीत विचारायच्या गोष्टी वेगळ्या : सोसायटी नोंदणीकृत आहे का, जमिनीचे अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झाले आहे का, इमारत ३० वर्षांपुढची असेल तर संरचनात्मक तपासणी झाली आहे का. अभिहस्तांतरण नसेल तर उद्या पुनर्विकासाच्या वेळी जमीनमालक पुन्हा दारात उभा राहतो.

रेराने काय दिले

रिअल इस्टेट कायद्याची अंमलबजावणी राज्यात १ मे २०१७ पासून पूर्णपणे सुरू झाली. त्यानंतरच्या ग्राहकाची स्थिती आधीच्या ग्राहकाहून निश्चितच बरी आहे. विक्री चटई क्षेत्रावरच करावी लागते. 'सुपर बिल्टअप'चे फुगवलेले चौरस फूट कायद्याने निकालात काढले. करारनामा नोंदविण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही; ३० लाखांच्या घरासाठी ही मर्यादा तीन लाख रुपये. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पासाठी स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. ताबा लांबला तर व्याज मागता येते किंवा व्यवहार सोडून व्याजासह पैसे परत मागता येतात. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामातील दोष आढळल्यास बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो.

महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प उघडून पाहताना बहुतेक ग्राहक नोंदणी क्रमांकावर थांबतात. त्यापेक्षा महत्त्वाच्या नोंदी पुढे असतात : काम पूर्ण करण्याची मूळ तारीख कोणती आणि ती किती वेळा पुढे गेली, बांधकाम परवानगी नक्की किती मजल्यांची आहे, जमिनीवर कोणाचा बोजा आहे, न्यायालयात काय चालू आहे. चौथ्या मजल्यापर्यंत परवानगी असलेल्या इमारतीत सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट स्वस्तात देऊ करण्याचे प्रकार सर्वत्र घडतात. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा घरे आठपर्यंत असतील तर रेरा नोंदणीची सक्ती नाही. 'आम्हाला रेरा लागू नाही' हे वाक्य अशा वेळी खरे असू शकते. परंतु बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र त्यालाही लागतेच.

जमिनीचा सातबारा या जिल्ह्यात विशेष काळजीने वाचावा लागतो. पालघरमध्ये आदिवासी खातेदारांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर आहेत. जमीन महसूल संहितेनुसार अशी जमीन परवानगीशिवाय बिगर आदिवासी व्यक्तीकडे हस्तांतरित होऊ शकत नाही. 'इतर अधिकार' या रकान्यातली नोंद, भोगवटादाराचा वर्ग आणि त्यामागचे फेरफार स्वतंत्र वकिलाकडून तपासून घ्यावेत. स्वतंत्र याचा अर्थ, बिल्डरच्या कार्यालयात बसणारा नव्हे. बँकेने प्रकल्प मंजूर केला आहे, हा आधार उपयोगी असला तरी पुरेसा नाही. बँकेची तपासणी बँकेच्या पैशासाठी असते. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी, मेरठमधील एका प्रकरणात, बँकांनी पूर्णत्वाचे वा भोगवट्याचे प्रमाणपत्र पडताळूनच इमारतीवर कर्ज द्यावे, असे निर्देश दिले. बांधकाम जुने झाले किंवा त्यात मोठी गुंतवणूक झाली म्हणून ते कायदेशीर ठरत नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. 'वीस वर्षे कोणी हात लावला नाही, आता कोण लावतो' हा नालासोपाऱ्यात हमखास ऐकू येणारा युक्तिवाद त्यामुळे निकामी झाला आहे.

घर पावसात पाहावे

घर पाहायला लोक साधारणपणे दिवाळीनंतर किंवा गुढीपाडव्याच्या सुमारास जातात. वसई-विरारमध्ये ते जुलैत पाहावे. जुलै २०१८ मध्ये या शहराच्या अनेक भागांत दिवसेंदिवस पाणी साचून होते. नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली गेल्याने लोकल बंद पडली, वीजही गेली. पूरस्थितीची कारणे शोधण्यासाठी त्यानंतर नीरी आणि आयआयटी मुंबई या संस्थांची मदत घेण्यात आली. तळमजल्यावरच्या वाण्याला, गॅरेजवाल्याला विचारले तर त्या वर्षी पाणी कुठवर आले होते, ते तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. कोणत्याही माहितीपत्रकात ही रेघ नसते.

उन्हाळ्यातला प्रश्न उलट. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत देखभाल खर्च हा दुसरा हप्ताच होऊन बसतो. एमएमआरडीएच्या सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेतून वसई-विरारसाठी दररोज १८५ दशलक्ष लिटर पाणी ठरले आहे आणि २०२३ च्या अखेरीस ते शहरात येऊ लागले. शहरात पाणी येणे आणि आपल्या इमारतीच्या नळाला येणे यांत मात्र जोडणीचे अंतर असते, आणि अधिकृत जोडणीसाठी पुन्हा तोच भोगवट्याचा कागद पुढे येतो. सोसायटीची मागील दोन उन्हाळ्यांतली टँकरची बिले पाहायला मागावीत. 'स्टेशनपासून पाच मिनिटां'चीही परीक्षा सकाळी साडेसातला, पायी करावी. शेअर रिक्षाला जाता-येता चाळीस रुपये लागत असतील, तर महिन्याला माणशी हजार रुपये झाले. घरात कमावणारे दोघे असतील तर दोन हजार. स्टेशनजवळच्या थोड्या महाग घराचा वाढीव हप्ता बहुधा त्याच्याच आसपास येतो.

बयाणा

चांगल्या, अधिकृत, स्टेशनच्या जवळच्या आणि परवडणाऱ्या घरांना गिऱ्हाईक खूप असते, यात शंका नाही. असे पुनर्विक्रीचे घर आठवडाभरही बाजारात राहत नाही. म्हणून तयारी आधी करावी. कर्जाची तत्त्वतः मंजुरी बँकेकडून अगोदर घेऊन ठेवलेल्या कुटुंबाला विकणारा गांभीर्याने घेतो, कारण त्याचे पैसे कधी मिळणार हे त्याला कळते. वकील आधी ठरलेला असावा. बयाणा लहान आणि चेकनेच द्यावा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार रुपये वा त्याहून अधिक रोख घेण्यास २०१५ पासून कायद्याने मनाई आहे. पुनर्विक्रीत मूळ मालक अर्धी रक्कम 'कॅश'मध्ये मागतो, तेव्हा तेवढ्या रकमेवर कर्जही मिळत नाही आणि उद्या व्यवहार फिसकटला तर ती मागायला पुरावाही उरत नाही.

बयाण्याच्या पावतीवर एक ओळ लिहून घ्यावी : मालकी हक्क, बांधकाम परवानगी किंवा भोगवटा प्रमाणपत्र यांच्या पडताळणीत दोष आढळल्यास ही रक्कम अमुक दिवसांत परत केली जाईल. ज्याचे कागद खरे असतात, तो सही करायला फारसे आढेवेढे घेत नाही. त्यानंतर परवानगीचा क्रमांक आणि तारीख टिपून घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात ती आपल्या नोंदीत आहे काय, याची चौकशी करावी. तोंडी उत्तर मिळत नसेल, तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये भरून अर्ज करता येतो. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. एवढे दिवस घर धरून ठेवायला एजंट सहसा तयार होत नाही. दुसरे गिऱ्हाईक संध्याकाळी येणार आहे, असे तो सांगतो. येऊ द्यावे.